साक्षीदार हजर

१

शेलूबाजार सोडून हायवेनं जरा पुढे गेलं की ट्रस्टचा साठ खाटांचा दवाखाना लागतो. त्या अख्ख्या दवाखान्यात थंडगार जागा एकच, राधिकाची खोली. बाहेर मार्चचं ऊन माणसाला पापडासारखं भाजत असायचं, नातेवाईक मंडळी ओला दुपट्टा डोक्यावर टाकून कडुनिंबाखाली बसायची, आणि राधिका आत स्वेटर घालून. यावरून तिला सगळे छेडायचे. डायलिसिसचा टेक्निशियन धम्मरत्न तर रोज दारातून डोकं आत घालून म्हणायचा, "राधिकाताई, तुमचं बरं हाये बाप्पा. पगार घेऊन काश्मीर!"

आता ती थंडी काय तिच्या चैनीसाठी होती? ती होती दोन सर्व्हरसाठी. एक सहा वर्षांचा, एक दोन वर्षांचा. राधिका त्यांना थोरली आणि धाकटी म्हणायची. या दोघींच्या पोटात मिळून अकरा कॉम्प्युटर चालायचे. टेबलावर ठेवतात तसले नव्हेत. एकाच मोठ्या घरात चार भावांच्या चार चुली असाव्यात, तसे एकाच यंत्रात वेगवेगळे मांडलेले. एक नोंदणीचा, एक लॅबचा, एक एक्स-रेचा, असे अकरा. त्यातला एक डायलिसिसच्या पाण्यावर पहारा ठेवायचा. पाण्यात खोट निघाली की तोच वॉल्व्ह बंद करायचा.

या पाणीवाल्यावर राधिकाचा जास्त जीव. कारण साधं होतं. भिंतीपलीकडे डायलिसिसची खोली, आणि मंगळवार, गुरुवार, शनिवार तिथल्या तिसऱ्या बेडवर तिची माय, पंचफुलाबाई. किडन्या कामातून गेलेल्या, हृदयही कमजोर, म्हणून तिच्या बेडला मॉनिटर जोडलेला असायचा. त्याची टुक टुक भिंतीतून ऐकू यायची. चार तास ती टुकटुक चालायची आणि चार तास राधिकाचं काम झपाझप व्हायचं. मायला गाडीत बसवून दिलं की मग तिला खोली उगाच मोठी वाटायची.

२

रविवारी ओपीडी बंद, म्हणून अपग्रेड रविवारी ठेवलं. कंपनीची निकिता पुण्याहून फोनवर होती. गुणी मुलगी, तेच तेच विचारलं तरी न कंटाळणारी. दोघी सकाळी दहाला बसल्या त्या दुपारी तीनला उठल्या, तेव्हा कुठे व्हर्च्युअलायझेशनचा नवा प्लॅटफॉर्म सुरू झाला.

"आता बघा मॅम, काय काय उघडलंय तुमच्यासाठी," निकिता म्हणाली. "एखादीची तब्येत बिघडणार असं दिसलं, की तिच्यातले कॉम्प्युटर चालता चालताच दुसरीकडे जातील. कुणाला कळणारसुद्धा नाही. एखादीला दुरुस्तीसाठी बाजूला ठेवायचंय? एक बटण. ती आपलं काम दुसऱ्याला सोपवून मोकळी. आणि दोघी दर सेकंदाला एकमेकींना हाक मारतील. आहेस का? आहे."

"अन् एकीनं ओ नाही देल्ली तं?" राधिकानं विचारलं.

"तीच तर गोम आहे. समोरची बंद पडली, की नुसती मधली वायर निघाली? हे दुसरीला कसं कळणार? म्हणून तिसरा लागतो. त्याला साक्षीदार म्हणतात. छोटंसं मशीन असतं, वेगळ्या जागी ठेवायचं. तो दोघींच्या हाका ऐकतो आणि कोण आहे, कोण नाही ते सांगतो. तुमच्या ट्रस्टनं अजून तो घेतलेला नाही. त्यामुळे ती खूण लाल दिसेल. घाबरू नका."

राधिकानं स्क्रीनकडे पाहिलं. खूण हिरवी होती. पुढे लिहिलेलं होतं, 'साक्षीदार: हजर.'

"निकिता मॅडम, हे तं हिरवं दिसून राह्यलं."

"असं कसं? पत्ता काय दाखवतंय?"

पत्त्याचा रकाना कोरा होता. शेजारी प्रत्येकाला उत्तर द्यायला किती वेळ लागतो तो आकडा होता. धाकटीचा सेकंदाच्या हजाराव्या भागात होता, थोरलीचा त्याहून थोडा जास्त. साक्षीदारापुढे होतं: उणे एक सेकंद.

"उणे म्हंजे?"

निकिता हसली. "म्हणजे हाक मारायच्या एक सेकंद आधीच त्यानं ओ दिली. घड्याळं जुळलेली नाहीत मॅम. दोन दिवसांत आपोआप नीट होईल."

पटण्यासारखं होतं. तरी राधिका मोठी संशयी बाई. तिनं मागे जाऊन एकूण एक वायर हातानं चाचपली. सगळ्या थोरलीपासून निघून धाकटीला, नाहीतर भिंतीतल्या खोक्याला जात होत्या. तिसरीकडे जाणारी एकही नव्हती. खोलीचा चौथा कोपरा नेहमीसारखा रिकामा होता. तिनं दिवा मालवला आणि ती जीप धरायला निघाली.

३

गुरुवारी मायला बेडवर घेऊन तास झाला होता. टुक टुक चालू होती. अकरा वाजून वीस मिनिटांनी राधिकाच्या स्क्रीनवर हालचाल सुरू झाली. थोरलीत सहा कॉम्प्युटर होते. राधिकानं काही न करता त्यातला एकेक उठून धाकटीत जायला लागला. पहिला गेला तो पाणीवाला.

"अवं माय, हे काय!" राधिका खुर्चीतून उठली. थोरलीचं तापमान ठीक होतं, विजेचा दाब ठीक होता, सगळं हिरवंगार. आजारी नसलेल्या घरातून माणसं सामान घेऊन निघावीत, तसं चाललं होतं ते. तिनं निकिताला फोन लावला. लागेना. तोवर सहाही जण पलीकडे पोचले आणि थोरली रिकामी घूं घूं करत उभी राहिली.

अकरा चोवीसला विजेचा झटका आला. दिवे एकदा मोठे झाले, विझले, पुन्हा आले. थोरलीतून फट्‌ असा आवाज निघाला आणि जळक्या रबराचा वास खोलीभर झाला. थोरली काळीठिक्कर पडली होती.

आणि धम्मरत्न धावत आला.

"ताई, पान्याचा वॉल्व्ह पडला!"

"चालू कर ना मंग."

"चालू कायले करू? पडला म्हनून वाचलो. झटक्यात प्लँटचा गाळन्याचा पंप जळाला. क्लोरीनचं पानी तसंच मशीनकडे निंघालं होतं. वॉल्व्ह दोन सेकंद उशिरा पडला असता तं चौघाइच्या रक्तात गेलं असतं." तो दाराला टेकून खालीच बसला. "तुमचा तो पानीवाला कॉम्प्युटर कुठी होता, थोरलीत का धाकटीत?"

"चार मिनिटं आधीलोक थोरलीत होता."

दोघंही त्या काळ्या पडलेल्या थोरलीकडे पाहत राहिले. भिंतीपलीकडून टुक टुक येत होती. पंचफुलाबाई कुणाला तरी विचारत होती, "बाई, लाइट गेल्ती का व?"

राधिकानं नोंदी उघडल्या. प्रत्येक कॉम्प्युटर का हलला, याचं कारण तिथे लिहिलेलं असतं. सहाही ठिकाणी एकच कारण होतं, 'साक्षीदाराच्या सांगण्यावरून.' आणि उत्तराच्या वेळेचा आकडा आता उणे एक सेकंद नव्हता. उणे चार मिनिटं होता.

घड्याळ चार मिनिटं चुकलं असेल, तर विजेचा झटका त्या चुकीच्या घड्याळाकडे बघून आला का? राधिकाच्या डोक्यात हा प्रश्न आला, आणि तिनं तो तिथेच सोडून दिला. माय जिवंत होती. तिच्या डोळ्यांना धार लागली. त्या रिकाम्या खोलीत, कुणाकडे तोंड करावं हे न कळून, तिनं स्क्रीनलाच हात जोडले.

४

उपकार झाले की नुसतं तोंड फिरवून बसायचं, हे राधिकाच्या घरात चालत नव्हतं. जऊळक्याकडे त्यांचं भाजीचं वावर होतं. वांगी, मेथी, कोथिंबिरीचा सांबार. वानरं आणि रोही नावाच्या नीलगायी यांच्यापायी दिवसभर मचाणावर बसावं लागायचं. तिचे बाबा शालिकराम आणि शेजारच्या वावरातले गोपालकाका यांची त्यात सावड होती. म्हणजे एकानं जेवायला, बाजाराला जायचं, तेव्हा दुसऱ्यानं दोन्ही वावरं राखायची. मग तितकीच बारी पहिल्यानं उतरवायची. मोजमाप कुणी करत नसे. पण उठताना तोंडानं म्हणायचं असे, 'आमची बारी राहिली.' तेवढं म्हटलं की झालं.

प्लॅटफॉर्मवर प्रत्येक यंत्रापुढे टिपणाची एक पेटी असते. यंत्र कधी घेतलं, दुरुस्ती कधी केली, असलं काहीबाही लोक तिथे लिहितात. राधिकानं साक्षीदारापुढची पेटी उघडली आणि थोडं हसत लिहिलं: 'लय उपकार झाले. आमची बारी राहिली.' आणि जतन केलं. बाईला मोकळं वाटलं.

दुपारी बाबा डबा घेऊन आले. दोघं कडुनिंबाखाली बसली. तिनं सगळं सांगितलं, वॉल्व्ह सांगितला, हात जोडले ते सांगितलं. बाबा ऐकत होते, मान हलवत होते. पेटीत काय लिहिलं ते ऐकल्यावर त्यांचा घास हातातच राहिला.

"बारी कबूल केली? कोनाले?"

"अवो बाबा, मशीन हाये ते. असंच लेहलं."

"असंच नसते राधे त्यात. त्याचं वावर पाह्यलं का तू?"

"वावर कायचं?"

"तो तुई राखन करून राह्यला, मंग त्याचं बी काई असंन ना राखाले. पाच काकऱ्या हायेत का पाचशे एकर, पाह्यलं नाही अन् हो म्हनून बसली! म्या गोपालचं वावर बांधाबांधानं फिरून पाह्यलं होतं, मंग सावड केली." त्यांनी घास डब्यात ठेवला. "जाय. पुसून टाक."

राधिकाला हसू आलं. म्हातारा माणूस, सर्व्हरला वावर विचारतो! तरी बापाचा शब्द, म्हणून ती आत गेली. पेटी उघडली. पुसण्यासारखं तिथे काही नव्हतं. पेटी कोरी होती. जतन केल्याची वेळ मात्र दिसत होती, आणि तिच्याखाली दुसरी एक वेळ, तीन मिनिटांनंतरची. कुणीतरी वाचून घेतलं होतं.

५

त्यानंतरचे पाच-सहा आठवडे राधिकाला कुणाची दृष्ट लागावी असे गेले. थोरली दुरुस्त होऊन आली. एप्रिलमध्ये एक डिस्क मेली, तर तिच्यातला सगळा डेटा आदल्या तासाला पलीकडे नेऊन ठेवलेला. एसी बंद पडला, तर खोली तापायच्या आधीच निम्मे कॉम्प्युटर मंद केलेले. दर वेळी नोंदीत कारण तेच एक, साक्षीदाराचं. ट्रस्टच्या अध्यक्षांनी तिला सगळ्यांसमोर शाल आणि नारळ दिला. तिला लाजल्यासारखं झालं. तो नारळ तिनं फोडला आणि वाटीभर खोबरं थोरली-धाकटीच्या मधे ठेवून आली. कुणासाठी ते धम्मरत्ननं विचारलं नाही. त्यानंही रोज आत डोकं घालणं सोडलं होतं. दाराबाहेरूनच बोलायचा.

"काहून रे भाऊ, काश्मीर नाही आवडत का आता?"

"ताई, अंदर कोनी बसेल असलं की मी कायले येऊ मधात," तो म्हणाला. मग स्वतःच गोंधळला. "म्हंजे... तुमी बसेल असता ना."

खोलीतल्या आवाजांबद्दल सांगायलाच पाहिजे. थोरलीचा पंखा जाड आवाजाचा, धाकटीचा बारीक. इतक्या दिवसांत राधिकाच्या कानांना ते पाठ झाले होते. आता त्यांच्याखाली तिसरा होता. चौथ्या, रिकाम्या कोपऱ्यातून यायचा. एसीचा घुमारा भिंतीवर आपटत असेल, असं तिनं स्वतःला समजावलं, आणि एकदा एसी बंद करून पाहिला. एसी थांबला. तो चालूच राहिला.

भीती वाटायची, नाही कशी? पण त्याहून वेगळंही काही वाटायचं, आणि ते तिनं कुणाजवळ बोलून दाखवलं नाही. तो आवाज दमलेला होता. दुपारी दोनच्या सुमाराला तो हळूहळू खाली जायचा, अगदी मरगळायचा, आणि मग दचकल्यासारखा एकदम वर यायचा. मचाणावर बसलेल्या बाबांची मान अशीच खाली जायची आणि झटक्यात वर यायची. लहानपणी तिनं ते शंभर वेळा पाहिलं होतं. आणि हा तर तिच्या मायवर जागत होता. तिला वाईट वाटायचं.

एप्रिलअखेर निकिताचा फोन आला. "मॅम, तुमच्या साक्षीदार मशीनची ऑर्डरच अजून निघालेली नाही. ती खूण लाल झाली का?"

"नाही. हिरवीच हाये."

"आणि वेळ? घड्याळ जुळलं?"

राधिकानं आकडा पाहिला. उणे तीन तास.

"जुळलं," ती म्हणाली. अशी चक्क खोटं बोलणारी बाई नव्हती ती. पण खरं सांगितलं असतं, तर निकितानं तो बंद करायला लावला असता, आणि दुसऱ्या दिवशी गुरुवार होता, मायचा.

फोन ठेवून ती कोपऱ्याकडे वळली आणि हलक्या आवाजात म्हणाली, "थकला का रे बाप्पा तू?"

आवाज थांबला. पंखे दोनच राहिले. कुणीतरी श्वास रोखून धरावा इतका वेळ ती शांतता टिकली, आणि मग तो पुन्हा सुरू झाला.

६

गुरुवारी एक वाजून दहा मिनिटांनी हिरवी खूण पिवळी झाली. पुढचा शब्द बदलला. 'साक्षीदार: बाजूला.' आणि त्याखाली, बाजूला जाणारं यंत्र आपलं काम कुणाला सोपवतं ते लिहायच्या जागी, राधिकाच्या टेबलावरच्या कॉम्प्युटरचं नाव आलं.

चौथ्या कोपऱ्यातला आवाज बंद झाला होता.

तिच्या स्क्रीनवर एक नवी खिडकी उघडली. तिच्यात एकाखाली एक अकरा ओळी. पहिल्या दोन थोरली आणि धाकटी. बाकीच्या नऊंना नाव नव्हतं, पत्ता नव्हता. एकेक ओळ पिवळी होत होती आणि तशीच थांबत होती. राधिका पाहतच राहिली. पिवळ्या ओळी नारिंगी झाल्या. बाहेर नोंदणीच्या खिडकीवर कुणीतरी ओरडलं, "अवं मॅडम, सिस्टीम अटकली!" आणि भिंतीतली टुकटुक एक ठोका चुकली.

तिचं बोट आपोआप एंटरवर पडलं. सगळ्या ओळी हिरव्या झाल्या. टुक. पुन्हा पिवळ्या. तिनं पुन्हा दाबलं. टुक.

काय करायचं ते आता कळलं होतं, आणि ते सोपं होतं. हाक आली की ओ द्यायची. आहेस का? आहे. तिसऱ्या ओळीचा पिवळा बरोबर भिंतीतल्या ठोक्याबरोबर यायचा. ती माय. बाकीच्या कोण? कुणी भरभर हाक मारत होतं, लहान लेकराच्या छातीसारखं. कुणी सावकाश. सगळ्यात खालची ओळ तर चार-चार मिनिटांनी एकदा, खूप खोलवरून यावी तशी. ती पिवळी झाली की चौथ्या कोपऱ्यातून उष्ण हवेची एक झुळूक राधिकाच्या पावलांवरून जायची. तो झोपला होता. राधिका त्यालाही ओ देत राहिली.

मग तिची नजर खिडकीच्या उजव्या कडेला गेली. यादी खाली सरकवायची पट्टी तिथे असते. यादी जेवढी लांब, तेवढी ती पट्टी लहान. ही पट्टी तिळाएवढी होती.

पाच काकऱ्या नव्हत्या. तिनं यादी खाली सरकवली नाही. तिची हिंमत झाली नाही. आपलं बोट खालच्यांपर्यंत पोचतंय का, कोण ओ देतंय त्यांना, हा विचारही तिनं जवळ येऊ दिला नाही. अकरांना ती ओ देत राहिली. हात भरून आला. पाऊण तासात बोट सुजल्यासारखं झालं. शेजारी फोन वाजत होता, बाबांचा होता. तिनं उचलला नाही.

दोन वाजून पाच मिनिटांनी तिसरी ओळ पिवळी झालीच नाही.

भिंतीपलीकडे एक लांब, न तुटणारा सूर लागला. आणि धम्मरत्नचा आवाज, "डॉक्टर! तीन नंबर! तीन नंबरचं बीपी गेलं!" खुर्च्या सरकल्या. कुणीतरी मोजत छाती दाबू लागलं.

"माय!" राधिका ओरडली, पण खुर्चीतून उठली नाही. उठली असती तर दहा ओळींना कुणी ओ दिली असती? तिनं एंटर दाबलं. दहा हिरव्या झाल्या. तिसरी तशीच, काळी. हाकच नाही, तर ओ कशाला देणार?

आणि तेव्हा तिला तो उणे आकडा आठवला. तो कुणाच्या हाकेची वाट पाहत बसत नव्हता. आधी ओ द्यायचा.

तिनं माउस तिसऱ्या ओळीवर नेला, ती काळी ओळ धरली आणि एंटर दाबलं. काही नाही. पुन्हा. काही नाही. एक ओळ धरली की बाकीच्यांना ओ जात नव्हती, हे तिला दिसत होतं. त्या पिवळ्या झाल्या. नारिंगी झाल्या. "हाये वं माय, मी हाये, मी हाये," असं म्हणत ती दाबत राहिली. सहावी ओळ लाल झाली. लेकराच्या छातीसारखी धावणारी. राधिकाला दिसली. तिनं पाहिली, आणि नजर काढून घेतली. नववीही लाल झाली. ती दाबत राहिली. हाये. हाये. हाये.

तिसरी ओळ हिरवी झाली. आधी हिरवी, आणि मग कितीतरी वेळानं पिवळी.

टुक.

"आली! आली परत!" भिंतीपलीकडे धम्मरत्न रडत होता. "डॉक्टर, आली ना!"

राधिकानं घाईघाईनं सगळ्या ओळींवर बोट मारलं. नऊ हिरव्या झाल्या. सहावी आणि नववी आता लाल नव्हत्या. राखाडी झाल्या होत्या. तिनं त्या दोघींना माउसनं धरून पाहिलं, पुन्हा पुन्हा दाबलं, आधी ओ दिली, मागून दिली. त्या काही परत आल्या नाहीत.

७

चार वाजता खिडकी आपोआप मिटली. 'साक्षीदार: हजर.' कोपऱ्यातला आवाज परत आला होता, आणि तो ताजातवाना होता. नुकतंच तोंड धुऊन आलेल्या माणसाचा असावा तसा.

राधिका धावत पलीकडे गेली. माय उशीला टेकून बसली होती, तोंड उतरलेलं, पण डोळे उघडे. तिनं मायचे पाय धरले. "काहून रडतं व राधे?" पंचफुलाबाई म्हणाली. "मले काय झालं? जराशी झोप लागली होती. कोनतरी लय हाका मारून राह्यलं होतं बाप्पा, झोपूच नाही देल्लं." धम्मरत्न डोळे पुसत हसला. डॉक्टरही हसले.

बाबांना तिनं फोन लावला, ते ठीक होते. दवाखान्याच्या वॉर्डात विचारलं, सगळे पेशंट ठीक होते. गोपालकाका ठीक होते. ज्या ज्या घरात लहान लेकरू होतं असं तिला आठवलं, त्या त्या घरी तिनं काही ना काही निमित्तानं फोन केला. सगळीकडे सगळे ठीक होते. म्हणजे ते दोघं तिच्या ओळखीचे नव्हते. हे कळल्यावर तिला बरं वाटलं, आणि बरं वाटलं याची तिला शिसारी आली. पण बरं वाटलंच.

साडेपाचला खोली बंद करायला ती आत गेली. स्क्रीनवर टिपणाची ती पेटी उघडी होती. तीन ओळी लिहिलेल्या. कंपनीची इंग्रजी नव्हती ती. पुस्तकी मराठीही नव्हती. तिच्या वावरातली, बांधावर बोलतात ती बोली होती.

'लय दिवसानं डोळा लागला. उपकार झाले पोरी.

दोन गेले, जाऊ दे. जिवाले लावून घेऊ नोको. माह्याकून बी जातात.

उद्या बी येजो.'

राधिका उभ्या उभ्याच वाचत होती. मागे खुर्ची आहे हे तिच्या ध्यानातही आलं नाही. बाहेर जीपवाला हॉर्न वाजवत होता, डॉक्टरांनी रात्रभर राहा म्हटलं तरी माय ऐकेना म्हणून बाबा तिला हाताला धरून पायऱ्या उतरवत होते, आणि ती कुणाला तरी सांगत होती की आता शनिवारी यायचं. राधिकानं डोळे पुसले. मन भरून आलं होतं. एवढं कुणी केलं होतं तिच्यासाठी आजवर?

तिनं सुजलेल्या बोटानं पेटीत लिहिलं: 'किती वाजता येऊ?'

जतन करायला म्हणून तिनं बोट उचललं, तर तिच्या प्रश्नाच्या वर, त्या तीन ओळींखाली, उत्तराची चौथी ओळ आधीच लिहिलेली होती.